एक्झॉस्टचा आवाज: सायलेन्सर बदलायच्या आधी फट शोधा

चिपळूणच्या एका थंडीत आमच्या पेट्रोल हॅचबॅकला नवाच आवाज लागला. सकाळी गाडी सुरू केली की बोनेटखालून टकटकटक, शिवणयंत्र चालवल्यासारखी. बहादूरशेख नाक्यापर्यंत पोचेस्तोवर आवाज गायब. गॅरेजमध्ये नेली तेव्हा गाडी गरम होती, म्हणजे गप्प होती. एका मेकॅनिकने टॅपेट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, सैल असल्याचं सांगितलं. दुसऱ्याने खाली वाकून मागचा गंजलेला डबा पाहिला आणि सायलेन्सर बदलून दिला. डबा गंजला होता हे खरं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक होती तशीच. दोष शेवटी निघाला मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या अगदी दुसऱ्या टोकाला. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच. पण जास्त लागलं ते हे, की आवाज नेमका कधी येतो हे कुणी विचारलं नाही आणि मीही नीट सांगितलं नाही.

तेव्हापासून घरातल्या, शेजारच्या, नातेवाइकांच्या बऱ्याच गाड्यांखाली मी आडवा झालोय. जे हाताला लागलं ते क्रमाने लिहितो.

धूर कुठून कुठे जातो

इंजिनच्या हेडला बोल्टने बसवलेला मॅनिफोल्ड प्रत्येक सिलिंडरचा धूर एका नळीत गोळा करतो. हेड आणि मॅनिफोल्डच्या मध्ये पॅकिंग असतं. पुढे ऑक्सिजन सेन्सर, धुरातलं विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गॅरेजच्या भाषेत कॅटकॉन), मग जाळीदार लवचिक तुकडा म्हणजे फ्लेक्स पाइप, मधली नळी, एक किंवा दोन डबे आणि शेवटी टेलपाइप. ही सगळी लांबण गाडीच्या पोटाखाली रबरांवर लटकलेली असते. नळीभोवती जागोजागी पातळ पत्रे असतात, उष्णता वर केबिनकडे जाऊ नये म्हणून. धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांत कॅटकॉन थेट मॅनिफोल्डलाच चिकटवलेला असतो, काही इंजिनांत तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. आपली गाडी कुठल्या रचनेची आहे ते आधी बघून घ्या. वॉरंटीत असेल तर पान्याला हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

हात घालण्याआधी

एक्झॉस्ट गळत असेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड गळतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गाडीत बसल्यावर डोकं जड होतंय, मळमळतंय, मुलं विनाकारण पेंगतायत आणि बाहेर उतरल्यावर बरं वाटतंय, असं असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी वापरू नका. नाइलाज असेल तर सगळ्या काचा खाली करून गॅरेजपर्यंतच न्या. डिकी उघडी ठेवून चालवू नका, मागची हवा धुरासकट आत ओढली जाते. तपासणी कधीही बंद शेडमध्ये करू नका, अंगणात किंवा रस्त्याकडेला मोकळ्यावर करा.

दुसरी गोष्ट जॅकची. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता आहे. खाली शिरायचं असेल तर काँक्रीटच्या सपाट जमिनीवर दोन जॅक स्टँड हवेत, टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी हवी आणि हँडब्रेक ओढलेला हवा. विटा किंवा चिरे रचून त्यावर गाडी ठेवू नका. चिरा दिसतो भक्कम, पण एका टोकावर भार आला की न सांगता फुटतो. स्टँड नसतील तर खड्डा किंवा लिफ्ट असलेलं गॅरेज गाठा आणि तिथे बघू द्या म्हणून विनंती करा. बहुतेक जण बघू देतात.

भाजण्याचं वेगळं सांगायला नको, तरी सांगतो: मॅनिफोल्ड जोरात चालवल्यावर ५०० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातो. पान्याचं सगळं काम गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी.

आवाजाला नाव द्या

आपल्या भाषेत आवाजांना इतके शब्द आहेत की निम्मं निदान त्यातच होतं. मेकॅनिककडे जाऊन नुसतं "आवाज येतोय" म्हणू नका. कागदावर तीन गोष्टी लिहा: आवाज कसा आहे, कधी येतो, कधी थांबतो.

थंड इंजिनवर टकटक किंवा टिकटिक, रेस दिली की जोरात, आणि दोन ते पाच मिनिटांत कमी होत बंद: बहुतेक वेळा मॅनिफोल्डचं पॅकिंग, सैल किंवा तुटलेला स्टड (मॅनिफोल्डला हेडशी धरून ठेवणारा बोल्ट), नाहीतर मॅनिफोल्डला गेलेली बारीक चीर. धातू गरम होऊन फुगतो आणि फट आपोआप बुजते, म्हणून आवाज जातो. सकाळी परत येतो.

फटफट किंवा भसभस, गाडी एकदम मोठ्याने बोलायला लागली, चढावर जास्त: फ्लेक्स पाइप, नळीचा जोड किंवा डबा फुटला आहे.

ठरावीक वेगालाच झर्रर्र अशी पत्र्याची थरथर, जरा कमी-जास्त रेस केली की नाहीशी: उष्णतेचा पत्रा सैल झाला आहे. ऐकायला भयंकर, दुरुस्तीला सगळ्यांत स्वस्त.

स्पीडब्रेकरवर किंवा खड्ड्यात खाली धडधड: लटकवणारं रबर तुटलंय.

खुळखुळ्यासारखा आवाज, विशेषतः गाडी बंद करताना: कॅटकॉनच्या आतली सिरॅमिकची जाळी फुटून तुकडे झाले आहेत, किंवा डब्यातला आतला पत्रा सुटला आहे.

केबिनमध्ये घुमणारा जड आवाज, पण बाहेर उभं राहिलं तर जाणवत नाही: नळी कुठेतरी बॉडीला टेकते आहे किंवा इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरावर टेकतं ते, दबलं आहे. इथे फट शोधत बसू नका.

टॅपेट की पॅकिंग?

चांगले मेकॅनिकही इथे फसतात आणि त्यांचा दोष नाही. फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दर दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. म्हणजे आयडलवर (गाडी उभी, रेस न देता इंजिन चालू), मिनिटाला ८०० फेऱ्यांना, एका सिलिंडरची फट सेकंदाला साडेसहाच्या आसपास टक टक करते. एक सैल टॅपेटही नेमका त्याच गतीने वाजतो. मोजून फरक कळणार नाही.

फरक कळतो तो भाराने. मॅनिफोल्डच्या फटीतला आवाज इंजिनवर भार आला की वाढतो, कारण भार वाढला की धुराचा दाब वाढतो. घरच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये काच खाली करून चढा, आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडून या. चढताना जोरात आणि उतरताना जवळजवळ नाही, तर फट समजा. टॅपेटचा आवाज भारावर फारसा अवलंबून नसतो, आणि ऑइलची पातळी कमी असेल तर तो वाढतो, म्हणून डिपस्टिक आधी बघा. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची टिकटिक बारीक आणि एकसारखी असते, गाडी थंड-गरम असली तरी बदलत नाही.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: शिट्टीसारखा आवाज आणि ताकद कमी झाली असेल तर एक्झॉस्टइतकाच संशय टर्बो ते इंजिनच्या रबरी होजवर घ्या. तिथे काम जाणकाराकडेच द्या.

जागा शोधा

पहिली तपासणी डोळ्यांनी, थंड गाडीवर, हातात टॉर्च घेऊन. पेट्रोलच्या गाडीत फटीच्या तोंडाशी काजळी धरते, काळा पंखा उमटल्यासारखी. मॅनिफोल्डच्या कडेने, दोन नळ्यांच्या जोडावर, फ्लेक्सच्या जाळीवर आणि डब्याच्या शिवणीवर काजळी शोधा. स्टड मोजा, एखाद्याचं डोकं नसेल तर तिथेच थांबा, उत्तर मिळालं. फ्लेक्सची जाळी विसकटली असेल तर आतली नळी बहुधा फाटलेली असते.

डब्याच्या सगळ्यांत खालच्या भागात पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक दिसलं तर ते गळकं समजू नका. पुष्कळ कंपन्या ते मुद्दाम ठेवतात, पाणी निथळावं म्हणून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. सीएनजीत तर हायड्रोजन जास्त, म्हणून पाणीही जास्त. गाडी रोज फक्त बाजारापर्यंत आणि परत एवढीच फिरत असेल तर मागचा डबा कधीच पुरता तापत नाही, वाफेचं पाणी आतच साचतं आणि डबा आतून कुजतो. ते भोक वेल्डिंगने बुजवलेले डबे मी पाहिलेत, एका पावसाळ्यात त्यांची चाळण होते. २०२१ च्या जुलैमधल्या महापुरात आमच्याकडे पाण्याखाली गेलेल्या गाड्यांचं इंजिन लोकांनी हौसेने सुधारलं, पण डब्यात बसलेला गाळ तसाच राहिला आणि वर्ष-दोन वर्षांत एकेक डबा फुटू लागला. अशी गाडी असेल तर नळी सोडवून आतून पाण्याने धुवा आणि लगेच वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून वाळवा.

दुसरी तपासणी ठोकून. सगळं थंड असताना मुठीने किंवा रबरी हातोडीने डबा, पत्रे, कॅटकॉन हलकेच ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. थरथरला तर पत्रा. आत खुळखुळलं तर जाळी. नळी हाताने वर-खाली, डावी-उजवी हलवा, कुठे बॉडीला लागते ते कळेल.

तिसरी, कानाची. बागेच्या पाइपचा मीटरभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं टोक थंड सुरुवातीला जोडांजवळून फिरवा. फॅन आणि पट्ट्यांपासून पाइप, कपडे, ओढणी, सगळं लांब. फटीसमोर टोक आलं की आवाज एकदम कानात शिरतो. आमच्या गाडीची फट मला याच पाइपने तिसऱ्या सिलिंडरपाशी सापडली.

चौथी, दाबाची. कुणाला तरी जाड हातमोजा घालून ओल्या जाड फडक्याने टेलपाइप दोन-तीन सेकंद अर्धवट दाबायला सांगा, इंजिन आयडलवर. मागची वाट अडली की धूर फटीतून जोरात निघतो आणि फुसफुस ऐकू येते. इंजिन बंद पडेपर्यंत दाबू नका.

एवढ्यानेही सापडलं नाही तर साबण. इंजिन बंद आणि थंड. धूळ उडवायचा घरगुती ब्लोअर टेलपाइपमध्ये फडकं गुंडाळून बसवा, सुरू करा आणि भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीने प्रत्येक जोडावर मारा. बुडबुडे फुटतील तिथे फट. टायरची हवा भरायचा कॉम्प्रेसर लावू नका, इतका दाब नको. निथळीच्या भोकातून बुडबुडे येतीलच, ते सोडून द्या. माझ्या मते घरी करता येणारी सगळ्यांत खात्रीची तपासणी हीच आहे.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट असेल तर धुराच्या दोन धक्क्यांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. मायलेज घटतं, पी०१७१ सारखा कोड येतो आणि लोक सेन्सर बदलतात. कॅटकॉनच्या कामगिरीचा पी०४२० कोडही फटीमुळे येऊ शकतो. कॅटकॉन महाग वस्तू आहे, म्हणून आधी फट नाही याची खात्री करा.

दुरुस्ती, सोप्यापासून अवघडाकडे

रबर: जुनं रबर साबणाचं पाणी लावून मोठ्या पक्कडीने सरकवून काढा, नवं तसंच चढवा. एक तुटलं असेल तर सगळी बदला. उरलेल्यांवर वजन आलेलंच असतं. तारेने बांधणं हा घरी पोचण्यापुरता उपाय आहे, तारेतून सगळी थरथर बॉडीत येते आणि जोड तुटतो.

पत्रा: बहुतेक वेळा बोल्टभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं झालेलं असतं. मोठा वॉशर टाकून आवळा. बोल्टच नसेल तर नळी आणि पत्रा मिळून स्टेनलेसची होज क्लिप फिरवा. पत्रा काढून टाकू नका. वर पेट्रोलची नळी, वायरिंग, गालिचा असतो, आणि खाली वाळलेल्या गवतात गाडी उभी राहू शकते.

नळीचा जोड: अनेक लहान गाड्यांत पुढच्या जोडाला गोल कड्यासारखं पॅकिंग आणि स्प्रिंगचे दोन बोल्ट असतात. बोल्ट सोडवा, कडं बदला, दोन्ही तोंडं तारेच्या ब्रशने स्वच्छ करा, मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. स्प्रिंग पूर्ण दाबून घट्ट करायची नसते, इंजिन हलतं त्याला वाव हवा.

भोक पडलेली नळी किंवा डबा: सायलेन्सरची खास पुटी आणि पट्टी मिळते, ती उष्णतेने घट्ट होते. चार-सहा आठवडे निघतील. पाण्याच्या टाकीला लावायची इपॉक्सी लांबी इथे जळून पडते. कायमचं काम वेल्डिंगचंच. बोटाने दाबून बघा. पत्रा आत जात असेल तर टाका मारायला धातूच उरलेला नाही, डबा बदलावा लागेल. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायला लावा, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायला सांगा, आणि पेट्रोलची टाकी किंवा सीएनजीची टाकी जवळ असेल तर नळी गाडीवरून उतरवूनच काम करा. या शेवटच्या मुद्द्यावर "होतंय हो साहेब" ऐकू नका.

फ्लेक्स पाइप: त्याच व्यासाचा, त्याच लांबीचा स्टेनलेस फ्लेक्स आणून जुना कापून वेल्ड करता येतो, अख्खी नळी घ्यायची गरज नाही. पण आधी इंजिन माउंटिंग तपासा. बोनेट उघडून कुणाला तरी हलकी रेस द्यायला सांगा. इंजिन खूप झुकत असेल तर नवा फ्लेक्सही लवकरच फाटेल.

मॅनिफोल्डचं पॅकिंग: घाई असेल तर हे काम हातात घेऊ नका. आदल्या दोन रात्री प्रत्येक नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी बॅटरी काढा, पत्रा उतरवा, ऑक्सिजन सेन्सरची वायर सोडवा. नट आधी केसभर आवळून मग सोडवा, आणि अडला की परत आवळा, परत स्प्रे. जोर करून स्टड हेडमध्ये तुटला तर पुढचं काम लेथवाल्याचं, घरी ड्रिल लावू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ड्रिल घसरलं की आटे गेले.

मॅनिफोल्ड उतरल्यावर जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा पितळेच्या पट्टीने खरवडा, पॉलिश पेपरची धूळ सिलिंडरच्या तोंडात जाऊ देऊ नका, तिथे फडकं कोंबा आणि नंतर आठवणीने काढा. मग स्टीलची सरळ पट्टी मॅनिफोल्डच्या तोंडांवर आडवी ठेवून मधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. वाकलेला असेल तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे तोंड घासून सपाट करून घ्या. नुसतं नवं पॅकिंग घातलं तर तीन महिन्यांत पुन्हा टकटक. चीर दिसली तर ओतीव लोखंडाचं वेल्डिंग बहुधा टिकत नाही, मॅनिफोल्डच बदला.

नवं पॅकिंग कोरडं बसवा, त्याला सिलिकॉन लावू नका. स्टड आणि नट शक्यतो नवे घ्या. मधल्या नटापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) आवळा. आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, ऐकीव नको.

कॅटकॉन: जाळी फुटली असेल तर तुकडे डब्यात जाऊन वाट अडवतात, गाडी दम खाते. बदलायलाच हवा. "आतलं काढून टाकू, पिकअप वाढेल" असा सल्ला मिळेल. घेऊ नका. बाहेर विष सोडायचं, दिवा लागून राहायचा, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंडही होऊ शकतो. जाळी का फुटली तेही शोधा. बऱ्याचदा आधीपासूनचा मिसफायर असतो, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जळून जाळी वितळवतं. प्लग, कॉइल ठीक केल्याशिवाय नवा कॅटकॉन लावू नका.

आणि जुना कॅटकॉन मागून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातही त्याला चांगली किंमत येते. बिल देताना तो तुमच्या डिकीत आहे ना, बघा.

झाल्यावर

गाडी सुरू करून पहिली दहा मिनिटं मोकळ्यावर उभी करा. थोडा धूर आणि जळका वास येईल, स्प्रे आणि बोटांचं तेल जळतंय. पाइपचा तुकडा पुन्हा कानाला लावून सगळे जोड फिरा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर, पूर्ण थंड गाडीवर, उतरवलेल्या जोडाचे नट एकदा तपासा. कोड पुसून टाका आणि आठवडाभर मायलेज लिहा. पीयूसी जवळ आलेली असेल तर आता करून घ्या.

शेवटची तपासणी आवाज जिथून सुरू झाला तिथेच. रात्रभर उभी राहिलेली गाडी, पहाटे, बोनेट उघडं, रेडिओ बंद. आमची गाडी त्या दिवशी सुरू केली तेव्हा बायको ओट्यावरून म्हणाली, "सुरू झाली का अजून?" मी मान डोलावली आणि आणखी पाच मिनिटं तिथेच उभा राहून ऐकत राहिलो.